नळी फाटली

भोसरी, रविवार रात्र

प्रिय सुन्या,

दिवाळीपासून तुला एक ओळ लिहिली नाही. रागावला असशील, हक्क आहे तुझा. पण हे तुझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही. नळी गेली रे. मोडली नाही, फाटली, उभी, बांबूसारखी.

फवारणीच्या ड्रोनचे हात करून दिले होते, 24 नळ्या. हलक्या आणि ताठ हव्यात म्हणून कार्बनच्या धाग्यांचे सगळे थर मी लांबीलाच लावले, शून्य अंशात. वाकवायला गेलं तर हलायची नाही. काल गिऱ्हाइकानं क्लॅम्पचा बोल्ट आवळला आणि टक्! धाग्याच्या दिशेनं हा माल 1500 मेगापास्कलची ओढ सोसतो, आडवा मात्र 50च्या आसपासच संपतो. तिथं धागा नाहीच, नुसतं रेझिन, धागे चिकटवणारा डिंक म्हण. क्लॅम्पनं गोल नळी चपटी करायला घेतली, भिंत आडवी ताणली गेली आणि रेझिन सुटलं.

मांडवाचे बांबू आठवतात? तू प्रत्येक टोकाला काथ्या करकचून गुंडाळत बसलास, मी सगळ्यांदेखत तुला ‘म्हातारी’ म्हणालो. आठ दिवस अबोला. माझा बांबू फाटला तेव्हाही तू गप्प राहिलास, त्याचाच मला जास्त राग आला होता. तुझा काथ्या म्हणजे 90 अंशांचा थर होता, सुन्या. मला तो आज दिसला.

आता सर्वांत आत आणि सर्वांत बाहेर एकेक आडवा थर घेतोय, मध्ये शून्याचे, आणि अधिक-उणे 45ची एक जोडी. नळी पिळली की एक तिरकी रेघ ताणते, दुसरी दबते. 45चे धागे बरोबर त्या रेघांवर बसतात. पण वजन तेवढंच ठेवायचं तर शून्याचे थर कमी करावे लागतात, म्हणजे ताठपणा जातो. किती सोडू, इथंच अडलोय.

आईचा गुडघा ठीक. तुझ्या बदलीचं काय? ताईला मुलगी झाली म्हणे, खूप आनंद झाला, सविस्तर कळव.

उरलेल्या 23 नळ्या द्राक्षबागांवर फिरतायत आणि खाली माणसं असतात. झोप नाही. उद्या सकाळी फोन करून सगळ्या परत मागवतोय, दोन महिन्यांची कमाई जाईल. बायकोला सांगितलंय.

पुढच्या रविवारी ये. नवी पहिली नळी शिकंज्यात धरून ठेवतो, पान्हा लावून तूच पिळ.

तुझा,
बंडू