तरुण टीममध्ये वयस्कर प्लेयर घ्यावा, पण किंमत बघून

मा. संपादक, स. न. वि. वि.

सकाळी उठून एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या मॅच बघणारी पोरं आता कोल्हापुरात पण लई झालीत आणि त्यांच्यात सारखा एकच वाद चालतो, की तरुण टीमनं पस्तिशीतला प्लेयर घ्यायचाच कशाला, त्याच्या जागी आपलं पोरगं खेळवा की. मला हे अजिबात पटत नाही म्हणून लिहितोय.

फिनिक्स सन्सचंच बघा. 10 वर्षं टीम प्लेऑफला, म्हणजे लीगनंतरच्या बाद फेरीला गेली नव्हती. 2020 ला त्यांनी 35 वर्षांचा ख्रिस पॉल आणला, तेव्हा टीममधला बुकर 24 चा, एटन 22 चा. आदल्या सीझनला 34 मॅच जिंकलेली टीम 51 जिंकून थेट फायनलला गेली! पॉल काय उंच उड्या मारत नव्हता, बॉल सावकाश आणायचा, एटनला हातानं दाखवायचा स्क्रीन कुठं लावायचा, म्हणजे डिफेंडरची वाट अडवायला कुठं उभं राहायचं ते, आणि डिफेंडर मागं सरला की मधूनच शॉट टाकायचा. शेवटच्या दोन मिनिटांत तरुण पोरं घाई करून बॉल घालवतात, तिथं असा माणूस लागतोच. आपल्या तालमीत वस्ताद स्वतः मैदानात लढत नाही, पण त्याच्या एका हाकेवर पठ्ठ्या डाव बदलतो, तसंच हे.

ओक्लाहोमानं 2025 ला टायटल मारलं ती टीम तर सगळी पोरांचीच, तरी त्यात 31 वर्षांचा करूसो होता, आधी लेकर्सकडून चॅम्पियन झालेला. प्लेऑफमध्ये डेन्व्हरविरुद्ध निर्णायक सातव्या मॅचला हा साडेसहा फुटाच्या आतला गार्ड त्यांच्या जवळजवळ सात फुटी योकिचला अंगाला अंग लावून अडवत होता, त्याच्याकडं पास जाऊच देत नव्हता. ती मॅच बघितलेल्यानं तरी अनुभवाचा काय उपयोग असं विचारू नये.

पण म्हणून वाट्टेल ती किंमत मोजायची असं नाही हां. 2013 ला ब्रुकलिन नेट्सनं 37 चा गार्नेट आणि 35 चा पीअर्स घेतले आणि बदल्यात बॉस्टनला पहिल्या राउंडचे तीन पिक, म्हणजे ड्राफ्टमध्ये नवीन पोरं निवडायच्या आपल्या पाळ्या दिल्या, वर 2017 चा पिक अदलाबदल करायचा हक्कपण दिला. पीअर्स एका सीझनमध्ये गेला, गार्नेट दुसऱ्या सीझनच्या मध्यात. आणि त्याच पिकांच्या जोरावर बॉस्टनला जेलन ब्राउन आणि टेटम मिळाले, 2024 ला ते चॅम्पियन झाले! माझा राग आहे तो ह्या असल्या सौद्यावर, वयावर नाही. उद्याची पोरं विकून आजचा माणूस आणला तर दोन वर्षांनी हातात काय राहणार?

स्पर्सनी 2024 ला ह्याच पॉलला फक्त एका वर्षाच्या करारावर घेतलं, 39 व्या वर्षी तो सगळ्या 82 मॅच खेळला, टीमच्या विजयांची संख्या 22 वरून 34 झाली आणि त्यांच्या तरुण वेंबान्यामाला शिकवणारा एक माणूस मिळाला. मला तरी हाच हिशोब बरोबर वाटतो. वयस्कर प्लेयर एकच घ्या, तोपण एका वर्षासाठी, आणि कोचनं त्याला आधीच सांगावं की सीझनच्या मध्यापर्यंत पोरगं तयार झालं तर सुरुवातीला तेच उतरणार, तू बेंचवर. मायामीचा हॅस्लम 42 व्या वर्षीपण टीममध्ये होता, मिनिटं जवळजवळ नाहीतच, पण टाइमआउटला पोरांना दम भरायला तोच पुढं. ज्याला हे मान्य नसेल त्याला घेऊच नये.

आपला,
एक बास्केटबॉलप्रेमी वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर