शेवटच्या इच्छेचा कागद

नेदरलँड्समध्ये 2002 पासून इच्छामरणाचा कायदा लागू आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये केवळ निष्क्रिय इच्छामरणाला (बरे होण्याची आशा नसलेल्या रुग्णाचे जीवरक्षक उपचार थांबवण्याला) मान्यता दिली आणि 2023 मध्ये वैद्यकीय इच्छापत्रासाठी (असे उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याच्या कागदासाठी) नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरेसे ठरवले, तरी परभणी-हिंगोलीकडच्या घरांत असा कागद क्वचितच आढळतो. येथे अतिदक्षता विभागाबाहेर थोरला मुलगा, चुलते आणि जावई मिळून निर्णय घेतात, आणि व्हेंटिलेटर काढा म्हणणाऱ्याला ‘यानंच बापाला मारलं’ हा ठपका गावात जन्मभर चिकटतो. प्रायोपवेशन आणि जैनांचा संथारा, म्हणजे स्वेच्छेने अन्नत्याग करून देह ठेवणे, यांची परंपरा जपणाऱ्या समाजात आजारी माणसाला त्याची इच्छा कोणी विचारत नाही, हे फार क्लेशदायक आहे. ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरांनी ग्रामसभेत हे इच्छापत्र समजावून सांगावे, तेही म्हातारी माणसे धडधाकट असतानाच.

– एक वाचक, जिंतूर (जि. परभणी)