मॅडम, तुम्ही आमची बोली बंद करायला लावली नाही

नमस्कार मॅडम, तुम्ही माझ्या लेकराला बोलायला शिकवणाऱ्या स्पीच थेरपीच्या मॅडम, पण समोर आले की माझे डोळेच भरतात अन् बोलायचं राहून जाते, म्हणून लिहून टाकते.

पोरगा तीन वर्षाचा झाला तरी आई पण म्हणत नव्हता. याचा बाप बी उशिराच बोलला म्हणे, सासूबाईनं मधात वेखंड उगाळून जिभेवर लावलं, मग आम्ही तालुक्याला एका सेंटरवर पैसे भरले तर तिथं सांगितलं की घरी वऱ्हाडी बंद करा, शुद्ध बोला, नाहीतर लेकरू गोंधळते. शुद्ध मला येते कुठं? मी त्याच्याशी बोलायलाच कचरू लागले. ते दिवस आठवले की अजून जीव तुटतो.

मग अंगणवाडीत आरबीएसकेची, म्हणजे लेकरं तपासणारी सरकारी टीम आली, त्यांनी डीईआयसीची, म्हणजे लहान लेकरांच्या उपचाराच्या जिल्ह्याच्या केंद्राची चिठ्ठी दिली अन् तिथं तुम्ही भेटल्या. (ही टीम अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते, मायांनो त्या दिवशी पोराले घरी ठेवू नका.) तुम्ही आधी कानाची बेरा तपासणी, म्हणजे ऐकू येते की नाही ते पाहायची, करायला लावली, ती लेकरू झोपलेलं असताना होते म्हणून आम्ही त्याला पहाटेपासून एसटीत जागंच ठेवलं होतं. कान चांगले निघाले. मग तुम्ही विचारलं घरी कसं बोलता, मी घाबरतच सांगितलं, तर म्हणाल्या, "मग तसंच बोला ना, तुमच्या बोलीनं काही बिघडत नाही." मॅडम, त्या एका वाक्यानं मला माझं लेकरू परत भेटलं.

वेचणीत मजुरी बुडते म्हणून दर आठवड्याला येणं जमत नव्हतं, तर तुम्ही रागावल्या नाही, वावरातच करायला सांगितलं. तो ज्याच्याकडे पाहील त्याचं नाव घ्यायचं, एकच शब्द, अन् मग गप्प बसून मनात दहापर्यंत मोजायचं. हे गप्प बसणंच सगळ्यात कठीण. एक दिवस धुऱ्यावरून बैलाची बंडी चालली होती, मी बंडी म्हटलं, मोजत बसले, आठ की नऊ झाले असतील अन् तो म्हणाला "बन्नी". मी कापसाची ओटी तिथंच सोडून त्याला उचललं.

अन् माझ्या पुतणीला तुम्ही जेवणाच्या सुट्टीत बसवून समजावलं ते पण विसरणार नाही. बारावी सायन्स नंतर बीएएसएलपी, म्हणजे तुमच्यासारखं बोलण्या-ऐकण्याचं काम शिकायची डिग्री, चार वर्ष, त्यातलं शेवटचं इंटर्नशिपचं, अन् शिकायच्या संस्था मुंबईचं अली यावर जंग, म्हैसूरचं आयश. आता तिनं कागदावर लिहून भिंतीला लावलं आहे. थेरपीसाठी कोणाकडे पण जायच्या आधी आरसीआयचा, म्हणजे थेरपीवाल्यांची नोंदणी करणाऱ्या सरकारी परिषदेचा, नोंदणी नंबर विचारायचा हे तुम्हीच सांगितलं, सेंटरवाल्याले मी तो विचारलाच नव्हता. आता गावात कोणी विचारलं की मी हेच पहिले सांगते.

मंगळवारी येतो आम्ही, हुरडा घेऊन. तो "हुलडा" म्हणते, पण तुम्ही म्हणाल्या होत्या ना र उशिरा येतो, मी टोकत नाही.