जुनी मात्राच जीव घेते

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमली पदार्थांच्या बातम्यांत कोकेन, मेफेड्रोन, हेरॉइन सगळे एकाच माळेत ओवले जातात. कायद्याला ते चालत असेल; जीव वाचवायचा तर फरक कळायला हवा. कोकेन, मेफेड्रोन ही उत्तेजके: नाडी धावते, रक्तदाब चढतो, झोप उडते. अफूच्या कुळातली मॉर्फिन, कोडीन, हेरॉइन आणि प्रयोगशाळेत बनणारे फेंटानिल नेमकी उलट वागतात. वेदना बधिर होते, गुंगी येते आणि मेंदूच्या देठातले श्वसनकेंद्र मंदावते. मृत्यू बहुधा याच वाटेने येतो.

शरीर या द्रव्यांना सरावते, म्हणून मात्रा वाढत जाते. हेरॉइन थांबवल्यावर साधारण 8 ते 12 तासांत जांभया, नाक-डोळे गळणे, अंगावर काटा, पोटात मुरडा, जुलाब सुरू होतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास कळसाला जातो, आठवडाभरात ओसरतो. घरच्यांना वाटते, सुटला एकदाचा! खरा धोका इथून पुढे आहे आणि तो त्यांना कोणी नीट समजावत नाही, याचे फार वाईट वाटते. खंड पडला की सराव उतरतो, ओढ मात्र जात नाही. माणूस पुन्हा वळतो तो जुन्याच मात्रेकडे, आणि काल पचणारी तीच मात्रा आज श्वास थांबवते. जोडीला दारू किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर आणखी लवकर. म्हणून व्यसनमुक्ती केंद्रातून वा तुरुंगातून बाहेर आल्यावरचे पहिले काही आठवडे डोळ्यांत तेल घालून जपावेत. डॉक्टरांनी ब्युप्रेनॉर्फिन (ही ओढ आवरण्यासाठी दिले जाणारे औषध) सुरू केले असेल, तर ‘हेही व्यसनच’ म्हणून ते परस्पर बंद करू नये.

डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, ओठ-नखे निळसर, श्वास अगदी संथ आणि घशातून घरघर, ही मात्रा जास्त झाल्याची लक्षणे. ‘घोरतोय, झोपू द्या’ म्हणून कृपया सोडू नका. मोठ्याने हाक मारा, छातीच्या मधल्या हाडावर मुठीने जोरात चोळा. जाग येत नसेल तर लगेच रुग्णवाहिका बोलवा. श्वास नीट चालू असेल तर कुशीवर वळवा, म्हणजे उलटी घशात अडकणार नाही. थांबला असेल तर छाती दाबणे आणि तोंडाने श्वास देणे सुरू करा. तोंडात पाणी ओतू नका.

नॅलोक्सोन, म्हणजे अफूच्या कुळातल्या द्रव्यांचा असर उतरवणारे औषध, दिल्यावर रुग्ण काही मिनिटांत उठून बसू शकतो. पण त्याचा असर 30 ते 90 मिनिटेच टिकतो; अंगातले द्रव्य त्याहून जास्त वेळ राहिले तर श्वास पुन्हा मंदावतो. तेव्हा रुग्ण बोलू लागला तरी त्याला तासाभरात घरी नेण्याचा हट्ट धरू नये.

— व्यसनमुक्ती उपचार क्षेत्रातील एक डॉक्टर