हवाई हद्द ‘बंद’ आणि एका देशाला ‘मनाई’

महोदय,

पाकिस्तानने भारतीय विमानांवरील मनाईची मुदत वाढवली, की ‘पाकची हवाई हद्द बंद’ असे मथळे येतात. प्रत्यक्षात ती हद्द बंद नसते. इतर देशांची विमाने तिथून जातच असतात. 24 एप्रिल 2025 पासून मनाई आहे ती भारतात नोंदलेल्या आणि भारतीय कंपन्यांच्या मालकीच्या किंवा भाड्याने घेतलेल्या विमानांना. 30 एप्रिलला आपणही पाकिस्तानी विमानांना तशीच मनाई केली. आकाश सर्वांसाठी बंद करणे आणि एकाच देशाच्या विमानांना मनाई करणे, कायद्याच्या दृष्टीने या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

नागरी विमान वाहतुकीविषयीच्या 1944 च्या आंतरराष्ट्रीय शिकागो कराराचे पहिले कलम प्रत्येक देशाला आपल्या भूमीवरील आकाशात संपूर्ण सार्वभौमत्व देते. आणीबाणीत हे आकाश तत्काळ बंद करण्याचा अधिकार नवव्या कलमात आहे, पण त्याला अट आहे: बंदी तात्पुरती हवी आणि सर्व परदेशांच्या विमानांना भेदभाव न करता लागू हवी. बालाकोटनंतर 27 फेब्रुवारी 2019 रोजी पाकिस्तानने आकाश सर्वांसाठीच बंद केले, ते या कलमात बसते. फक्त एकाच देशाच्या विमानांवरची बंदी बसत नाही. तिच्यासाठी युद्ध व राष्ट्रीय आणीबाणीच्या 89 व्या कलमाचा आधार घ्यावा लागतो, किंवा समोरच्याने आधी करार मोडला असा दावा करावा लागतो.

हा दावा एकदा आपणच केला आहे. जानेवारी 1971 मध्ये इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ हे फोकर विमान लाहोरला पळवून नेण्यात आले आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिथे जाळण्यात आले. भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्यावरून जाण्यास मनाई केली. पूर्व आणि पश्चिम पाकिस्तानमधली विमाने श्रीलंकेला वळसा घालू लागली. पाकिस्तान आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिषदेकडे गेला. आपल्या दोघांत हा करारच आता लागू नाही, तेव्हा परिषदेला अधिकार नाही, असे भारताचे म्हणणे होते. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 18 ऑगस्ट 1972 रोजी 14 विरुद्ध 2 मतांनी ते फेटाळले. मूळ बंदी वैध होती की नाही, याचा निकाल मात्र कधीच लागला नाही. 1976 मध्ये दोन्ही देशांनी तडजोड करून प्रकरण मागे घेतले. आजच्या वादातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न त्यामुळे अजून अनुत्तरित आहे आणि वृत्तपत्रांनी खरे तर त्यावर लिहायला हवे.

दुसरी गल्लत नकाशांत होते. सार्वभौम आकाश किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे 22 किलोमीटरपर्यंतच असते. कराचीचे ‘उड्डाण माहिती क्षेत्र’ त्यापलीकडे अरबी समुद्रावरही पसरलेले आहे, तसेच आपले मुंबईचेही. तिथे त्या देशाकडे वाहतूक नियंत्रणाची जबाबदारी असते, मालकी नव्हे. नकाशात तो सगळा पट्टा ‘पाकिस्तानी आकाश’ म्हणून रंगवणे चूक आहे.

बंदीची झळ कुठे बसते, हेही नेमके यावे. मुंबईपेक्षा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना वळसा मोठा पडतो. जास्त वेळासाठी जास्त इंधन भरले की वजन वाढते. मग प्रवासी किंवा माल कमी करा, नाहीतर वाटेत इंधनासाठी उतरा. एअर इंडियाच्या उत्तर अमेरिकेच्या काही फेऱ्यांना व्हिएन्ना, कोपनहेगनला थांबावे लागले ते यामुळेच. वेळ वाढला की वैमानिकांच्या कामाच्या तासांची मर्यादाही आड येते. इंडिगोची दिल्लीहून ताश्कंद आणि अल्माटीला जाणारी विमाने तर नव्या मार्गाने तिथवर पोहोचूच शकत नव्हती, म्हणून त्या फेऱ्या रद्द झाल्या.

शेवटी तारखांविषयी. मनाईची मुदत एकाच दिवशी संपत असूनही काही वृत्तपत्रे 23 तारीख देतात, काही 24. ‘नोटॅम’ म्हणजे वैमानिकांसाठीची सूचना जागतिक प्रमाणवेळेत असते. 23 तारखेचे त्या प्रमाणवेळेतले रात्रीचे 11.59 म्हणजे भारतात 24 ची पहाटे 5.29 आणि पाकिस्तानात 4.59. बातमीत भारतीय वेळ स्पष्ट लिहिली, तर त्या पहाटेचे तिकीट हातात असलेल्या प्रवाशाला तरी नीट कळेल.