मायला वाचून दाखवू नको

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कॉलेजचा वार्षिक अंक मिळाला. तुझी कथा रात्रीच वाचली. चार पानांत सगळं किल्लारी उभं केलंस गं! लई अभिमान वाटला. फक्त दिवाळीला आलीस की मायला ती वाचून दाखवू नको.

30 सप्टेंबर 1993. आदल्या रात्री गणपती बोळवून गाव निजलेलं. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हादरली. मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती, वर मातीचं माळवद, सगळं निजल्या माणसांवर आलं. हे तू बरोबर लिहिलंस. आईनं आधी मुलाला काढलं, मुलीपर्यंत पोचायला उशीर झाला, हेही खरं. पण ‘तो मुलगा होता म्हणून’ असं लिहिलंस, ते कशावरून? तो मुलगा मी, तरी मला सांगता येत नाही. माझा हात आधी लागला असेल. माझं रडणं मोठं असेल. नाहीतर तू म्हणतेस तेच असेल. मी मायला कधी विचारलं नाही, विचारणारही नाही. दगड उपसून तिच्या बोटांची नखं निघाली होती, एवढं मी पाहिलंय.

लिहिणाऱ्यानं कुणाचा निवाडा करताना आधी त्या जागी उभं राहावं, मायबापाच्या... जाऊ दे, हे भाषणच झालं. राग मानू नको.

छबू त्या रात्री गुलालानं माखली होती. झोपेनं पेंगत होती, म्हणून माय म्हणाली, तोंड सकाळी धुऊ. हे तुला मी कधी बोललो नाही.

तुला संभाजीनगरला शिकायला धाडायचं ठरलं तेव्हा भाऊकाका पोरीच्या जातीला कशाला म्हणून अडून बसले होते. मायनं पाटल्या काढून माझ्या हातावर ठेवल्या. त्यात छबूसाठीचं प्रायश्चित्त किती आणि तुझ्यावरची माया किती, मला निवडता येत नाही. तुला येतं का?

कथा तुझी आहे, त्यातला शब्दही बदल म्हणत नाही. पण मायला तेवढी... पुन्हा तेच लिहितोय बघ. वय झालंय गं तिचं. तिला वाचता येत नाही, म्हणून अंक आल्यापासून रोज विचारते, “पोरीनं काय लिवलंय रे?” मी आज सांगतो, उद्या सांगतो म्हणत टाळतोय. तिला काय सांगू, ते तूच कळव.

अण्णा