जुनी एक्सपल्स तयार करा, नव्या मॉडेलची वाट पाहू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नव्या बाइक्सबद्दल पेपरात बरंच छापून येतं पण ज्याच्या घरी आधीच एक डर्ट बाइक उभी आहे त्यानं काय करायचं यावर कोणी बोलत नाही, म्हणून हे पत्र. सध्या आमच्या रायडिंगवाल्या पोरांमध्ये एकच विषय चालू आहे. हिरोची एक्सपल्स 200 आहे, तिच्यावर पैसे लावू का पुढचं मॉडेल येईपर्यंत थांबू? रोज कोणी ना कोणी हेच विचारून राहिलं. माझं मत स्पष्ट आहे, बाइक चांगल्या कंडिशनमध्ये असेल तर थांबू नका, आहे तीच तयार करा, पण पैसे कुठे लावायचे ते नीट समजून.

आधी नव्याचं सांगतो. एक्सपल्स 210 जानेवारी 2025 मध्ये आली, बेस मॉडेल तेव्हा 1.76 लाख एक्स-शोरूम होतं. लिक्विड कूल्ड म्हणजे रेडिएटरवालं इंजिन, सहा गिअर, 24.6 पीएस ताकद, जुन्या चार व्हॉल्व्हच्या 200 4व्हीला 19.1 पीएस आणि पाच गिअर. हायवेवर जबरदस्त फरक पडतो, आणि आपल्या नागपूरच्या नवतपात 45 डिग्रीला लिक्विड कूलिंगचा फायदाही आहेच, ते मी नाकारत नाही. पण 2019 ची पहिली एक्सपल्स 154 किलोची होती आणि 210 सुरूच होते 168 किलोपासून. पावसात उमरेडकडच्या नाहीतर काटोलकडच्या शेतरस्त्यावर बाइक एकदा आडवी होऊ द्या, मग हे 14 किलो काय असतात ते समजते, तिथे पीएस कोणी विचारत नाही. आपली काळी माती टायर आणि मडगार्डच्या मधे अशी ठासून बसते की चाक फिरायचंच बंद होते, काडी घेऊन उकरत बसावं लागते, आणि बाइकला रेडिएटर असेल तर त्याच्या जाळीतही तोच चिखल जाते, दगडावर पडली की रेडिएटर फुटायचं भ्याव वेगळंच.

आता मॉडिफिकेशन म्हटलं की पोरं पहिले सायलेंसर बदलतात. कायले? त्यानं चिखलात काहीच फरक पडत नाही, फक्त चालान येते आणि मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या माणसांना त्रास होते. पैसा जमिनीला लागणाऱ्या गोष्टींवर लावा. पहिले टायर, मोठ्या गोट्यांचे. मग सस्पेन्शन. एक्सपल्स 200 ला पुढे 190 आणि मागे 170 मिमी ट्रॅव्हल आहे, म्हणजे चाक तेवढं वर-खाली होते, कंपनीच्याच रॅली किटनं ते 250 आणि 220 होते, किट पहिल्यांदा आलं तेव्हा 38 हजारांच्या आसपास होतं. तेवढेही नसतील तर पुढच्या फोर्कचं ऑइल बदला, आपल्या वजनाप्रमाणे स्प्रिंग घाला आणि निदान मागच्या शॉकचा प्रीलोड, म्हणजे त्याची स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते, तरी सेट करून घ्या. सेटिंग बरोबर आहे का हे घरी मोजता येते. मागचं चाक अधांतरी ठेवायचं, एक्सलपासून सीटखालच्या एका ठरलेल्या जागेपर्यंत टेप लावायची, मग हेल्मेट, बूट, बॅग सगळं घालून बाइकवर बसायचं आणि मित्राला पुन्हा मोजायला लावायचं. जेवढा फरक येईल तो ट्रॅव्हलच्या साधारण एक तृतीयांशाच्या जवळ पाहिजे, म्हणजे 170 ला 50-55 मिमी, त्याहून जास्त दबत असेल तर प्रीलोड वाढवा. एवढं केलं तरी बाइक हातात वेगळीच वाटते, आणि याले एक रुपया लागत नाही!

पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, एक दात लहान घातलं की चढावर, रेतीत क्लच कमी जळते. टॉप स्पीड थोडी जाते, जाऊ द्या. इंजिन उघडून बोअर (सिलिंडरची रुंदी) वाढवणं वगैरे मात्र करूच नका, नागपूरच्या उन्हात त्या इंजिनचं काही खरं नाही.

थांबण्याच्या बाजूनंही बोललं पाहिजे. कावासाकीची केएलएक्स 230 डिसेंबर 2024 मध्ये 3.30 लाखांना आली आणि पुढे 2 लाखांच्या आत उतरली. केटीएम 390 एंड्युरो आर एप्रिल 2025 मध्ये कमी ट्रॅव्हलची आली, जास्त ट्रॅव्हलवाली त्यानंतर काही महिन्यांतच. सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या बाइकवर जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. म्हणजे ज्याच्याकडे बाइकच नाही त्यानं घाई करू नये हे खरंच आहे. पण ज्याच्याकडे आहे तो थांबला तर अख्खा पावसाळा वाया जाते, आणि शिकायला मिळते ते पावसाळ्यातच ना भाऊ.

खरी अडचण कायद्याची आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवर नोंद आहे त्याच्या पलीकडे बदल चालत नाही, सुप्रीम कोर्टानंही 2019 मध्ये तेच सांगितलं, आणि कलम 182अ मध्ये दर बदलामागे 5 हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद नाहीतर दोन्ही. मग हँडगार्ड चालते का? लांब शॉक चालते का? प्रत्येक जण वेगळं सांगते. माझी आरटीओला विनंती आहे की डर्ट बाइकवर काय चालते आणि काय नाही हे साध्या मराठीत लिहून कार्यालयाबाहेर लावा, एमएच 31 असो, 49 असो की 40, नागपूरच्या तिन्ही आरटीओत एकच. आणि महानगरपालिकेनं शहराबाहेर एखादी पडीक जागा सरावासाठी द्यावी, कुंपण घालून, फी घेऊन, हेल्मेट-बूट सक्तीचे करून. आम्ही फी भरायला तयार आहोत. जागा नाही म्हणून पोरं फुटाळा तलावाच्या रस्त्यावर आणि गोरेवाड्याच्या जंगलाकडे बाइक घेऊन जातात, तिथे फिरायला आलेले लोकही असतात आणि जनावरंही, हे कोणाच्याच भल्याचं नाही. यंदाच्या पावसाआधी यावर काही हालचाल व्हावी एवढीच अपेक्षा.

आपला,
एक रायडर वाचक, मानेवाडा, नागपूर